भिंतीवरचा तक्ता आणि घरातली बोलणी : दिनक्रम आखून देणाऱ्या एका सेवेचा 8 महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले त्याला आता 11 वर्षे होतील. फक्त त्यालाच ऐकू येणारे आवाज पूर्णपणे थांबलेले नाहीत, पण ते आता त्याला हुकूम सोडत नाहीत. संशय येतो, पण तो बोलून दाखवतो आणि बोलला की थोडा ओसरतो. गेल्या 4 वर्षांत रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आलेली नाही. डॉक्टरांच्या कागदावर अशा प्रकृतीला ‘स्थिर’ म्हणतात. घरात तो शब्द फारच शब्दशः खरा ठरला होता. दुपारी 12 च्या सुमारास उठायचे, जेवून पुन्हा आडवे व्हायचे, संध्याकाळी येरझाऱ्या घालायच्या आणि रात्री 2 वाजेपर्यंत छताकडे पाहत पडून राहायचे, असा त्याचा दिवस वर्षानुवर्षे जागच्या जागी उभा होता. हे बदलावे म्हणून आम्ही एका मानसिक पुनर्वसन केंद्राची दिनक्रम आखून देणारी सेवा घेतली. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत, आणि अशा प्रकारची दुसरी कोणतीही सेवा घेणाऱ्याला त्या तितक्याच उपयोगी पडतील असे वाटते.

सेवेत काय मिळते ते आधी सांगते. 12 आठवड्यांत ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) 8 भेटी होतात, त्यांपैकी 5 घरी येऊन. त्यांच्याबरोबर भिंतीवर लावायचा मोठा तक्ता, रोज भरायची वही, 7 दिवसांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणि मोबाइलवरचे एक अ‍ॅप मिळते. कुटुंबीयांसाठी तासाभराची एक बैठक असते आणि 6 महिन्यांनी एक फेरभेट. वही, डबी आणि तक्ता या वस्तू कोणीही घरी करू शकेल अशाच आहेत. मोल आहे ते त्या घरी येणाऱ्या बाईंच्या नजरेचे, आणि माझा पुढचा बराचसा मजकूर त्याच नजरेविषयी आहे.

दिनक्रम हा शब्द ऐकला की बहुतेकांना शिस्त आठवते. स्किझोफ्रेनियात अडचण शिस्तीची नसते. आवाज आणि भ्रम ही लक्षणे बाहेरच्यांना चटकन दिसतात आणि औषधांना बऱ्यापैकी दादही देतात. निरिच्छता, अबोलपणा, कशातच गोडी न वाटणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे ही नकारात्मक लक्षणे मात्र मागे उरतात, आणि त्यांच्या जोडीला लक्ष टिकवणे, लक्षात ठेवणे, एका कामाचे टप्पे मनात मांडणे यांतही उणेपणा येतो. माझ्या भावाला आंघोळ करावीशी वाटते. ती सुरू कुठून करायची, हे त्याच्या हाताला कळत नाही. घरातली माणसे याला आळस म्हणतात, आम्हीही म्हटले, आणि त्याबद्दल मला आज वाईट वाटते.

रिकाम्या वेळाकडे दुर्लक्ष करून चालत नाही, याचा एक जुना आणि भक्कम पुरावा आहे. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन यांनी इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णांची 1960 ते 1968 या काळात पाहणी केली आणि 1970 साली ती प्रसिद्ध केली. रुग्णाचा अबोलपणा आणि निरिच्छता यांच्याशी सर्वांत घट्ट नाते कशाचे दिसले, तर काहीही न करता गेलेल्या वेळाचे. जिथे तो वेळ कमी झाला, तिथे माणसे सुधारली. थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत हे आम्हाला सांगितले, पण लगेच बजावलेही की, उलट्या टोकाला जाऊन दिवस गच्च भरला तर ताण वाढतो आणि आवाज वर येतात. मला त्यांचा हा सावधपणा आवडला.

पहिल्या भेटीत त्यांनी भावाला फारसे प्रश्न विचारले नाहीत. त्याची परवानगी घेऊन त्या सुमारे 40 मिनिटे त्याच्या खोलीत आणि न्हाणीघरात फक्त पाहत राहिल्या. दात घासायचा ब्रश बंद कपाटात होता. टॉवेल दुसऱ्या खोलीतल्या दोरीवर होता. कपडे एका खोल खणात होते, त्यात उन्हाळ्याचे, हिवाळ्याचे, मापात बसणारे आणि आता न बसणारे असे सगळे एकत्र होते. त्यांनी मोजून दाखवले की, आंघोळ करून बाहेर येईपर्यंत त्याला 14 वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यांपैकी 9 निर्णय वस्तू कुठे आहे याच्याशी निगडित आहेत. पुढच्या भेटीपर्यंत आम्ही खण रिकामा केला आणि भिंतीवर 7 खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीवर एका दिवसाचे आतले-बाहेरचे सगळे कपडे आणि टॉवेल. ब्रश आणि पेस्ट एका उघड्या पेल्यात, आरशाखाली, डोळ्यांसमोर. या एवढ्याशा बदलाने पहिल्या पंधरवड्यात त्याने आठवड्यातून 4 वेळा आंघोळ केली. आधी हा आकडा 1 होता, आणि तोही भांडणानंतरचा.

ही पद्धत त्यांच्या डोक्यातून निघालेली नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. अमेरिकेत टेक्ससमध्ये डॉन वेलिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉग्निटिव्ह अ‍ॅडॅप्टेशन ट्रेनिंग या नावाने ती विकसित केली आणि 2000 साली तिचे निष्कर्ष मांडले. स्मरण आणि नियोजन यांतली उणीव माणसात भरून काढण्याऐवजी घराच्या मांडणीत भरून काढायची, हा तिचा गाभा. त्यात माणसांचे ढोबळ दोन प्रकार धरले जातात. एकाची सुरुवातच होत नाही. त्याला वस्तू समोर दिसायला हव्यात, चिठ्ठ्या हव्यात, टप्पे लिहून हवेत. दुसरा हाती लागेल ते करत सुटतो, तीन शर्ट एकावर एक घालतो. त्याच्या समोरून जादा वस्तू उचलायला हव्यात. पहिल्याचा उपाय दुसऱ्याच्या माथी मारला तर घोटाळा होतो. या सेवेचा छापील तक्ता सर्वांना एकच दिला जातो, पण खोली कशी लावायची हे मात्र माणूस पाहून ठरते.

तक्त्यावरची मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे त्याचे तीन रकाने. प्रत्येक कामासमोर ‘पूर्ण’, ‘अर्धे’ आणि ‘नावापुरते’ अशी तीन मापे त्याच्याशी बोलून लिहिली गेली. आंघोळीचे पूर्ण माप म्हणजे डोक्यावरून आंघोळ, अर्धे म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसणे आणि नावापुरते म्हणजे फक्त शर्ट बदलणे. चालण्याचे पूर्ण माप 30 मिनिटे, अर्धे माप रस्त्याच्या वळणापर्यंत, नावापुरते म्हणजे पायात चपला घालून दाराबाहेर 5 मिनिटे उभे राहणे. तिन्हींपैकी कोणतेही माप झाले तरी खूण एकच, बरोबरची. मला आधी ही पळवाट वाटली. पहिल्या महिन्यातल्या 30 दिवसांपैकी 17 दिवस त्याने ‘नावापुरते’ उभे राहून काढले, आणि मी बाईंना जरा फणकाऱ्यानेच विचारले की, याला चालणे म्हणायचे का. त्या म्हणाल्या, “तो ज्या वेळेला चपला घालतो आहे ना, ती वेळ बघा.” खरोखरच 17 पैकी 15 दिवस ती वेळ संध्याकाळी 5 ते साडेपाच यांमधली होती. पाय नंतर आपोआप पुढे गेले. चौथ्या महिन्यापासून तो आठवड्यातून 5 दिवस अर्धा-अर्धा तास चालतो, म्हणजे प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना सांगते त्या आठवड्याच्या किमान 150 मिनिटांपर्यंत तो पोहोचला आहे.

तक्त्याचा दुसरा नियम असा की, राहिलेले काम दुसऱ्या दिवशी नेले जात नाही. रात्री झोपताना तो दिवस संपला. काल चाललो नाही म्हणून आज तासभर चाल, असे कोणीही म्हणायचे नाही. हा नियम लिहायला सोपा आहे आणि पाळायला आईला 3 महिने लागले.

कुटुंबीयांची बैठक फक्त तासाभराची आहे, आणि ती निदान तीन वेळा तरी व्हायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सेवेतला सर्वांत मोठा फरक तिथून आला. बैठकीआधी बाईंनी आम्हाला एक आठवडा फक्त मोजायला सांगितले होते : आपण शुभार्थीला दिवसातून किती वेळा आठवण करून देतो. (आजाराशी झुंजणाऱ्या माणसाला रुग्ण न म्हणता शुभार्थी आणि त्याच्या काळजीवाहकाला शुभंकर म्हणण्याची पद्धत मराठीत आता रुळली आहे, त्या हेच शब्द वापरतात.) आईच्या एकट्या सोमवारच्या खुणा 37 भरल्या. ऊठ आता. गोळी घेतलीस का. दाढी कधी करणार. किती वेळ झोपणार. माझ्या 11 होत्या, पण मी दिवसभर घरी नसते. त्या कागदाकडे पाहून आई बराच वेळ काही बोलली नाही.

त्या खुणांचा अर्थ आम्हाला बैठकीत समजला. जॉर्ज ब्राउन यांच्यापासून सुरू झालेल्या आणि पुढे क्रिस्टीन व्हॉन व ज्युलियन लेफ यांनी 1976 साली पुढे नेलेल्या लंडनमधल्या अभ्यासांत असे दिसले की, ज्या घरात टीका, राग किंवा जिवाची फार कालवाकालव करणारी काळजी सतत बोलून दाखवली जाते, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, आणि अशा घरातल्या माणसांशी आठवड्याला 35 तासांहून अधिक समोरासमोर सहवास असेल तर धोका आणखी वाढतो. कुटुंबामुळे आजार होतो असा याचा अर्थ नाही, हे बाईंनी दोनदा सांगितले, आणि आईसाठी ते सांगणे फार गरजेचे होते. मग त्यांनी असे ठरवून दिले की, तक्त्यावर जे लिहिले आहे ते तोंडाने बोलायचे नाही. आठवण भिंत करेल, खुंटी करेल, डबी करेल. आईने दिवसातून दोनदाच विचारायचे आणि तेही ठरलेल्या वेळी. शिवाय सकाळी 11 ते 1 या वेळेत दोघांनी घरातच पण वेगवेगळ्या खोल्यांत राहायचे, हेही दिनक्रमात लिहिले गेले. आईच्या 37 खुणा दोन महिन्यांनी 6 वर आल्या. घरातला आवाज कमी झाला, हे मी दोन्ही अर्थांनी लिहिते आहे.

आता तक्रारी.

पहिला छापील तक्ता सकाळी 6 वाजता उठण्यापासून सुरू होत होता. माझा भाऊ क्लोझापिन घेतो, जे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी दिले जाते आणि ज्याची गुंगी दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत उतरत नाही. तेव्हा सकाळी 9 च्या आधी त्याचे डोळे उघडत नसत, यात त्याचा काहीही दोष नव्हता. पहिले 8 दिवस त्याने पहिल्याच ओळीवर फुली मारली आणि नवव्या दिवशी तक्ता फाडून टाकला. औषधे कोणती, ती किती वाजता घेतली जातात आणि त्यानंतर किती तास गुंगी राहते, हे तीन प्रश्न तक्ता छापण्याआधी विचारायला हवे होते. पुढच्या भेटीत बाईंनी चूक मान्य केली आणि आम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. डॉक्टरांनी रात्री 11 ची मात्रा 9 वाजता घ्यायला सांगितली. हा निर्णय फक्त त्यांचा, तो घरी कोणी परस्पर घेऊ नये. त्यानंतर तक्ता साडेनऊला सुरू झाला आणि उठण्याची वेळ दर आठवड्याला 15 मिनिटांनी मागे आणली गेली. आज ती 8 आहे, आणि तिथेच ती थांबवली आहे.

झोपेला इतके महत्त्व का, हेही वहीत चांगले समजावले आहे. 2012 साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या 20 जणांच्या झोपेची सहा आठवडे नोंद ठेवली आणि त्यांची तुलना नोकरी नसलेल्या निरोगी माणसांशी केली. नोकरी नसल्याने झोप बिघडली असेल ही शंका अशा तुलनेने दूर होते. लक्षणे आटोक्यात असूनही त्या विसांच्याही झोपेचे किंवा शरीराच्या घड्याळाचे गणित बिघडलेले होते. त्यामुळे उठल्या उठल्या खिडकी उघडून उजेडात बसणे आणि दुपारनंतर चहा-कॉफी न घेणे या दोन ओळी तक्त्यावर मोठ्या अक्षरांत आहेत. चहा-कॉफीबाबत आमच्या डॉक्टरांनी एक भर घातली : कॅफिन भरपूर प्रमाणात घेतल्यास रक्तातले क्लोझापिन वाढते, म्हणून त्याचे रोजचे प्रमाण एकदम कमी-जास्त करू नये.

दुसरी तक्रार अ‍ॅपची आहे आणि ती गंभीर आहे. या अ‍ॅपमध्ये दर दोन तासांनी एका स्त्रीच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात, नाव घेऊन, पुढचे काम सांगितले जाते. ज्या कोणी हे बनवले त्याने स्किझोफ्रेनियाचा विचार एक मिनिटही केलेला नसावा. दुसऱ्याच दिवशी दुपारी आम्ही दोघे एका खोलीत होतो, फोन त्याच्या खिशात होता, आणि कोणीतरी त्याचे नाव घेऊन म्हणाले की, आता चालायला जाण्याची वेळ झाली आहे. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. जमिनीकडे पाहत अगदी हळू विचारले, “ताई, हे तुलाही ऐकू आलं का?” मी हो म्हटले, तेव्हा त्याने सोडलेला श्वास मला अजून आठवतो. आवाज बंद करता येतो, पण ती सोय चार पडदे आत दडलेली आहे आणि बंद केल्यावर साधी घंटाही वाजत नाही. आम्ही अ‍ॅप काढून टाकले आणि त्याच्या मनगटी घड्याळात तीन वेळा नुसती थरथर होईल असे लावून घेतले. एवढे पुरते. केंद्राला मी लेखी कळवले आहे. “सूचना पुढे पाठवली आहे” एवढेच उत्तर आले.

तिसरी तक्रार मला सर्वांत धोकादायक वाटते. छापील वहीत सहाव्या आठवड्याचे उद्दिष्ट ‘सिगारेट बंद करणे’ असे सरसकट दिले होते. सिगारेट सोडावी, यात वाद नाही. या आजारात आयुष्य सर्वसाधारण माणसापेक्षा 10 ते 20 वर्षांनी कमी भरते आणि त्याचे मोठे कारण हृदयविकार आणि मधुमेहासारखे शारीरिक आजार आहे. पण सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृतात क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांचे विघटन लवकर होते. सिगारेट अचानक थांबली की काही दिवसांतच त्याच मात्रेचे औषध रक्तात वाढू लागते, गुंगी वाढते, झटकेही येऊ शकतात. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नसतो, त्यामुळे निकोटिनची पट्टी लावून तो टळत नाही. म्हणजे चांगले काम करताना अपघात व्हावा, अशी ही गोष्ट आहे. मी हे दाखवल्यावर बाईंनी आमच्या वहीत ‘डॉक्टरांना आधी सांगून, मात्रा तपासून’ असे हाताने लिहिले. छापील वही मात्र अजून तशीच असेल, म्हणून हे इथे सविस्तर लिहिले. भाऊ सध्या 12 वरून 5 सिगारेटींवर आला आहे, डॉक्टरांच्या नजरेखाली.

शरीराच्या तपासण्यांचे पान मात्र नीट केले आहे. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी यांच्या तारखा, शिवाय क्लोझापिनसाठी लागणारी पांढऱ्या पेशींची तपासणी, अशा चौकटी आधीच आखलेल्या आहेत. शौचाची रोजची नोंदही आहे, आणि ती वाचून हसू नये, कारण क्लोझापिनने होणारे बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकते.

गोळ्यांच्या डबीविषयी थोडेच. ती साधी आहे, झाकणे घट्ट आहेत, उघडताना एखादी गोळी उडते. पण डबीच्या मागे बाईंनी एक चिकटपट्टी लावून लिहिले आहे : ‘48 तासांहून जास्त खंड पडला तर स्वतः सुरू करू नये, डॉक्टरांना फोन.’ क्लोझापिन इतका वेळ चुकले तर ते पुन्हा अगदी लहान मात्रेपासून चढवावे लागते, हे आम्हाला 11 वर्षांत प्रथम कळले. औषधे चालू ठेवण्याचे महत्त्व आम्ही एरवीही जाणतोच. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 65 चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात वर्षभर औषध चालू असलेल्यांपैकी सुमारे 27 टक्के जणांचा आजार उलटला, आणि औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के जणांचा.

वहीत प्रत्येक आठवड्याच्या शेवटी टक्केवारी काढायची आणि हसरा किंवा रडका चेहरा रंगवायचा, असा एक प्रकार आहे. माझा भाऊ 34 वर्षांचा आहे. त्याने एकदा ते पान पाहिले, “मी पहिलीत आहे का?” असे विचारले आणि पुढची सगळी तशी पाने स्टेपलरने बंद करून टाकली. मी त्याच्या बाजूची आहे.

या सगळ्यात एक चौकट अशी आहे की, जी फक्त शुभार्थीने भरायची असते आणि जिच्यात घरच्यांनी नाक खुपसायचे नसते. रोज एक तास, काम कोणतेही, उपयोगाचे असलेच पाहिजे असे नाही. आजारापूर्वी तो इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. त्याने लिहिले : रेझिस्टर लावणे, म्हणजे वीजप्रवाहाला रोध करणारे ते छोटे भाग निवडून वेगवेगळे ठेवणे. माळ्यावर त्याचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात शेकडो सुटे भाग एकत्र पडलेले. तो रोज संध्याकाळी 4 वाजता डबा उघडतो, एक रेझिस्टर भिंगाखाली धरतो, त्यावरच्या रंगांच्या पट्ट्या पुटपुटत वाचतो, तपकिरी, काळा, लाल, म्हणजे एक हजार ओहम, आणि तो लेबल लावलेल्या पाकिटात टाकतो. सुरुवातीला एका बैठकीत 8 ते 10 होत, आता 40 च्या आसपास होतात. दुपारी 4 ते 6 हा त्याचा सर्वांत वाईट वेळ होता, कारण हात रिकामे असले की आवाज चढतात. पुटपुटत वाचताना ते मागे पडतात, असे तो म्हणतो, आणि मोठ्याने वाचणे किंवा गुणगुणणे यांनी काही जणांचे आवाज कमी होतात हे थेरपिस्टही सांगतात. त्या रेझिस्टरांचे पुढे काय करायचे, असे एका पाहुण्यांनी विचारले, तेव्हा आईने त्यांना दुसऱ्या विषयावर नेले. आधीची आई असती तर तिनेही तेच विचारले असते.

पाचव्या महिन्यात या वहीने आम्हाला एकदा वाचवले. तीन रात्री लागोपाठ झोपेच्या रकान्यात 4, 3 आणि 3 तास असे आकडे आले, आणि ‘रेझिस्टर’ समोर काहीच खूण नव्हती. तो बोलायला नेहमीसारखा होता, कोणालाही वेगळे काही वाटले नव्हते. वहीच्या शेवटच्या पानावर पहिल्याच महिन्यात त्याने स्वतः लिहून ठेवले होते की, दोन रात्री 4 तासांहून कमी झोप झाली तर ताईने डॉक्टरांना फोन करावा, मी नको म्हटले तरी करावा. तो नको म्हणाला. मी त्याला त्याचेच अक्षर दाखवले. डॉक्टरांनी काही दिवसांसाठी उपचारात बदल केला आणि आठवड्याभरात झोप पूर्ववत झाली. प्रकृती चांगली असताना स्वतःच्या हाताने लिहून घेण्याची ही कल्पना या सेवेतली सर्वांत किमती आहे, आणि ती सेवा न घेताही कोणी उद्या करू शकेल.

ही सेवा कोणी घ्यावी, याबद्दल माझे मत असे. आजार जोरात असताना, भास-भ्रम अनावर असताना हिचा उपयोग नाही. तेव्हा डॉक्टर आणि औषध. औषध सुरू होऊन प्रकृती बसली आहे आणि तरीही दिवस पुढे सरकत नाही, अशा घरासाठी ती आहे. घरी येणाऱ्या थेरपिस्टच्या भेटी नसलेला, फक्त वही आणि अ‍ॅपचा स्वस्त पर्यायही केंद्र देते. तो घेऊ नये, कारण छापील मजकुरातल्या ज्या चुका मी वर सांगितल्या त्या दुरुस्त करायला तिथे कोणीच नसते. 12 आठवडे संपल्यावर हात एकदम सुटतो, हीही उणीव आहे. निदान महिन्याला एक फोन तरी असावा. पाचपैकी गुण द्यायचे तर घरभेटींना पाच, तक्त्याला चार, वहीला तीन आणि अ‍ॅपला शून्य.

गेल्या महिन्यात फेरभेट झाली. जुना तक्ता भरून गेला होता म्हणून भावाने पट्टी घेऊन नवा स्वतः आखला. ‘अर्धे’ हा रकाना त्याने काढून टाकला. त्याच्या मते काम एकतर होते किंवा नावापुरते होते. रविवारच्या चौकटीत त्याने फक्त ‘काही नाही’ असे लिहिले होते. मी आणि आई बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिलो, कारण रिकाम्या वेळाविषयीचे त्यांचे पहिले व्याख्यान आम्हाला पाठ होते. त्यांनी चष्मा वर सरकवून ते वाचले आणि विचारले, “किती वाजेपर्यंत?” त्याने थोडा विचार केला, पेन घेतले आणि पुढे लिहिले : ‘11 पर्यंत.’